फक्त पाणी

सातपूरला, एमआयडीसीच्या मागच्या गल्लीत माझं दुकान:
नावाच्या पाट्या, ट्रॉफ्या, दवाखान्यांचे बोर्ड.
ॲक्रिलिक मला कळतं.
ड्रम कळत नाहीत, हे मी तिला आधीच सांगितलं.

रूथ दुशिंग, सिव्हिलमधली सिस्टर,
छोट्या हत्तीतून पाच ड्रम घेऊन आली,
चादरींत गुंडाळून, गाठी मारून.
सोडले, तर आत मध.
म्हणजे रंग तसा, बरणी उन्हात धरल्यावर दिसतो तो;
वर धुळीची साय.

"पप्पांचे. एकोणऐंशी सालचे.
देवळाली कॅम्पातल्या एका साहेबाने जाताना विकले.
शरणपूरपर्यंत सायकलवर आणले, एकेक करून, पाच खेपा."

शमुवेल दुशिंग दिवसा प्रेसमध्ये नोटा मोजायचे,
रात्री ऑर्केस्ट्रात वाजवायचे.
लाकडी ड्रममागे माणूस लपतो.
इथे पहिल्या रांगेला त्यांचा गुडघा दिसायचा,
पँटची शिवण, पेडलवरची चप्पल,
आणि मोठ्या ड्रमच्या पोटात, आवाज दाबायला ठेवलेली उशी,
बायकोने भरलेली:
दोन पोपट, मध्ये "गुड नाईट".
नाशिकरोडचे लोक ऐकायला नाही, उशी वाचायला येतात,
असं तेच सांगायचे म्हणे.

नट-बोल्ट रॉकेलमध्ये टाकले.
एक कडं वाकलेलं, ते तांबट गल्लीत नेलं.
म्हाताऱ्याने ते मांडीवर घेतलं,
लाकडी हातोडीने ठोकत, फिरवत, कान लावत राहिला.
"गोल झालं की सगळीकडून एकच आवाज येतो.
हंड्याचंही तसंच." दीडशे रुपये घेतले.

शिवणीपाशी तडा होता, चार बोटं लांब.
तडा आधी बुजवत नाहीत.
आधी त्याचं टोक शोधायचं,
तिथे बारीक गोल भोक पाडायचं.
गोलापुढे तड्याला जाता येत नाही.
हे मला कुणी शिकवलं नाही, माल तोडून तोडून आलं.
मग क्लोरोफॉर्मचा थेंब, सुईने, श्वास धरून.

मग आठशेचा पेपर, बाराशेचा, दोन हजारचा,
बादलीत बुडवून, अकरा दिवस.
माझ्या बोटांचे ठसे इतके झिजले
की मोबाईल मला ओळखेना.

धूळ गेली तेव्हा दिसलं:
एका ड्रमवर, हात फिरेल तेवढ्याच जागेत,
केसाहून बारीक रेघांचं जाळं.
हे वयाने होत नाही. स्पिरिटने होतं.
कुणीतरी कापूस भिजवून, निगुतीने, गोल गोल,
जखम पुसावी तसं पुसलं होतं.

"हे काय झालंय?" तिने विचारलं.
"जुना माल, सिस्टर."
त्या रेघा घासून जात नाहीत. तशाच ठेवल्या.

न्यायला आली त्या दिवशी पत्र्याखालून ऊन घुसलं,
पाचही ड्रममधून गेलं आणि भिंतीवर सांडलं.
शेजारच्या लेथवरची पोरं हात पुसत आत आली.
ढोलपथकातल्या एकाने टिचकी मारली.
"ढोल पोटात वाजतो," तो म्हणाला, "हा इथे,"
आणि गळ्याला हात लावला, ग्रीसचा डाग पाडून.

तिने पिशवीतून उशी काढली. धुतलेली नव्हती.
आत ठेवली, पोपट बाहेर करून.
मग चादर आवळताना, माझ्याकडे न बघता:
"पुसायचं कशाने?"
"फक्त पाणी. मऊ फडकं."
"स्पिरिट?"
मी गाठ मारत होतो. जरा जास्तच वेळ मारली.
"नको."
तिचं बोट त्या जाळ्यावर थांबलं.
"पप्पा गेले त्या आठवड्यात," ती म्हणाली,
"घरात पुसायला दुसरं काही नव्हतं."

मोठ्या ड्रमला चादर पुरली नाही.
छोटा हत्ती त्र्यंबक रोडला वळला तेव्हा
दुपारचे साडेचार वाजले होते,
आणि मागच्या रिक्षावाल्याला, भर उन्हात,
गुड नाईट.